बोटभर जास्त

सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांचं एकमत झालं, आणि तेव्हापासून थोरलीचं कशात लक्ष लागत नव्हतं. या घरात एकमत इतक्या सहज कधी झालं नव्हतं. सासूबाई होत्या तोवर त्या टेबलावर थाप मारून एकमत करून घेत. त्या गेल्यापासून ते व्हायचं थोरलीच्या पायपिटीतून. तिचा नवरा, थोरला, तळमजल्यावरच्या कारखान्यात काहीतरी बोलायचा, ते घेऊन ती मागच्या शेडमध्ये दिराकडे, धाकट्याकडे जायची आणि त्याचं उत्तर घेऊन परत यायची. दोघे सख्खे भाऊ, एकच जिना चढून समोरासमोरच्या खोल्यांत झोपायचे. पण ज्या दिवशी धाकट्याने बापजाद्यांचं पॅटर्नचं काम सोडून कपाटं करायला घेतली आणि थोरला त्याला ‘आता खोकी ठोकत बस’ म्हणाला, त्या दिवसापासून दोघांच्यात अबोला होता.

आजचं एकमत साधं होतं. गल्ली पाडून नवी बांधायची असेल तर बांधा, पण तळमजल्यावरचे कारखाने तळमजल्यावरच राहिले पाहिजेत. नियोजन खात्याच्या मूळ आराखड्यात गल्लीतले सगळे कारखाने शहराबाहेर जाणार होते आणि त्यांच्या जागी नुसते फ्लॅट येणार होते. ज्या गल्लीचं म्हणणं एक असेल तिची मागणी आराखड्यात घेऊ, एवढी एक फट खात्याने ठेवली होती, आणि आज शाळेच्या सभागृहात शेवटची सुनावणी होती. थोरल्याचा धंदा त्या फटीत अडकला होता. तो ओतकामासाठी लाकडाचे नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचा. यंत्राचा भाग लोखंडात ओतण्याआधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा घेतात. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या चार भट्ट्या. तिथले लोक चालत यायचे, उभ्या उभ्या एखादी कड घासून घ्यायचे आणि नमुना काखेत मारून जायचे. शहराबाहेर त्याच्याकडे कुणीही फिरकलं नसतं, आणि या वयात त्याला दुसरं काही येत नव्हतं.

“त्याला सांग,” थोरला चादरीची गाठ मारत म्हणाला, “त्याची बाजू नीट धर म्हणावं. कपाट नाहीये ते, कुठेही आदळायला.”

चादरीत गल्ली होती. प्रत्येक गल्लीने आपली लाकडी प्रतिकृती करून आणायची आणि सभागृहातल्या मोठ्या टेबलावर, खात्याने आखून दिलेल्या जागेत बसवायची, असं ठरलं होतं. सुतारकाम घरचंच म्हणून गल्लीने हे काम या घराच्या गळ्यात घातलं. उगवतीकडची बाजू थोरल्याने केली, मावळतीकडची धाकट्याने.

थोरली मागच्या शेडमध्ये गेली. “भावजी, हे म्हणतायत, नाजूक काम आहे, जपून न्या.”

“असं म्हणाले?” धाकटा हसला. “एवढं गोड बोलायला कधीपासून लागले? त्यांना सांगा, माझ्या बाजूची एक खिडकीसुद्धा हलायची नाही. त्यांनी आपल्या हातांकडे बघावं.”

ती परत आली. “भावजी म्हणतात, काळजी करू नका.”

असं ती वर्षानुवर्षं करत आली होती, आणि आपण हे घर सांधून ठेवलंय याचा तिला मनातून अभिमानही होता. कडू काढून टाकायचं, तिखट पुसून टाकायचं, उरेल ते पोचवायचं. पण काल तिने जे केलं ते यापलीकडचं होतं. काल धाकट्याने निरोप दिला होता, “या भुशातून जाणाऱ्या जिन्यावर मी पोरगी वाढवणार नाही. आम्हाला वेगळं दार देणार असतील तर मी कारखान्याच्या बाजूने, नाहीतर फ्लॅटच्या.” तो निरोप घेऊन ती थोरल्यापुढे उभी राहिली. तो रंधा मारत होता, कपाळावर आठ्या होत्या, आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, “भावजींच्या चिमणीला जरा सर्दी आहे.” मग ती मागे जाऊन धाकट्याला म्हणाली होती, “वेगळं दार द्यायचं कबूल केलंय त्यांनी.”

त्या एका वाक्यावर आज सकाळचं एकमत उभं होतं. वाटेत नवऱ्याला सगळं सांगून टाकायचं असं तिने ठरवलं होतं.

जिन्यावरून धाकट्याची बायको, धाकटी, उतरली ती ओढणीने नाक दाबून. चिमणीला तिने शेजारच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगवाल्याच्या बायकोकडे ठेवलं होतं. “वहिनी, तुमचे उपकार झाले,” ती थोरलीचा हात धरून म्हणाली. “दादा इतक्या सरळ कबूल होतील असं वाटलं नव्हतं. मी तर उगीच त्यांच्याबद्दल मनात काहीबाही धरून होते.”

“त्यात कसले उपकार,” थोरली म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

वाटेत काही सांगायला जमलं नाही. थोरल्याच्या एका बाजूला त्याचे वडील, आप्पा, चालत होते, दुसऱ्या बाजूला त्याची बहीण. या नणंदेला घरात सगळे वकीलीणबाई म्हणायचे. कोर्टाची पायरी ती कधी चढली नव्हती, पण कुणाचं कुणाशी काय बोलणं झालं हे तारीखवार तिच्या डोक्यात असायचं. तिच्यासमोर हा विषय काढणं म्हणजे दवंडी पिटणंच होतं.

सभागृह भरलं होतं. मधोमध टेबल, त्यावर अख्खी वस्ती मांडलेली. कुणी पुठ्ठ्याची घरं केली होती, कुणी आगपेट्यांची. यांच्या गल्लीची जागा तेवढी रिकामी होती, दोन्ही बाजूंनी लाल रेघ मारलेली. नियोजन खात्याच्या बाई तोंडाने शांत होत्या, पण त्यांचं पेन सारखं उघडझाक होत होतं.

धाकट्याने आपली बाजू ठेवली. टच्च बसली. लोक वाहवा करायला लागले, आणि धाकट्याने थोरल्याकडे न बघता बघितलं.

थोरल्याने चादर सोडली. त्याचं काम देखणं होतं यात वादच नव्हता. प्रत्येक घर दोन तुकड्यांत केलेलं, तळमजला वेगळा आणि वरचा मजला वेगळा, मध्ये बारीक खुंट्या. नमुना वाळूतून सुटावा म्हणून दोन भागांत करायची पॅटर्नवाल्याला सवयच असते. त्याने ती बाजू अलगद खाली टेकवली आणि ती बसेना. त्याने फिरवून बघितली. एक टोक रेघेला लावलं तर दुसरं टोक रेघेबाहेर, पुढच्या चौकात. एक बोटभर जास्त.

“जरा दाबा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“दाबून कशी बसेल? गल्ली आहे ती, उशी नाही,” थोरला म्हणाला.

वाइंडिंगवाला टेबलावर वाकला. “हे काय, माझं दुकान सरकलं की. पलीकडचा दारातून बाहेर पडला की थेट माझ्या संडासात.”

सभागृह हसलं. थोरलीला ते हसू अंगावर आलं. ज्यांना आपली गल्ली मोजता आली नाही ते गल्लीत काय हवं हे कुठल्या तोंडाने सांगणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तिला दिसत होतं.

“मापं तर दोघांना एकच दिली होती ना?” बाईंनी विचारलं.

“माझं माप बरोबर आहे,” धाकटा म्हणाला. “वहिनी, विचारा त्यांना, कशाने मोजलं.”

“सांग त्याला,” थोरला म्हणाला, “आप्पांच्या पट्टीने मोजलंय. याच्या चिनी टेपने नाही.”

आप्पांनी मुलाच्या खिशातून पितळी पट्टी उपसून काढली आणि डोळ्यांजवळ धरली. ती त्यांनीच तरुणपणी करून घेतली होती. “अरे शहाण्या,” ते म्हणाले, “ही लोखंडाच्या ओतकामाची पट्टी. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून हिच्यातला प्रत्येक इंच जरा लठ्ठ ठेवलाय. तू काय घरं ओतणार आहेस भट्टीत?”

लोक पुन्हा हसले. थोरला हसला नाही. जन्मभर हातात दुसरी पट्टी नसलेल्या माणसाचा हात आपोआप तिच्याकडेच गेला होता. घरातला साधा टेप धाकटा शेडमध्ये घेऊन गेला होता, आणि तो बायकोकरवी मागवायचा म्हणजेही कमीपणा होता. आकडे थोरलीने इकडून तिकडे नेले होते. एकही आकडा चुकवला नव्हता. पट्टी कुठली हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि दोन्ही बाजू एकदा शेजारी ठेवून बघू या असं ती म्हणाली तेव्हा दोघांनीही तिच्यामार्फत एकमेकांना कळवलं होतं की त्याची गरज नाही.

चूक लाकडाची होती तोवर ठीक होतं. पण धाकट्याच्या जिभेला चटक लागली होती. “त्यांना विचारा वहिनी, आमचं नवं दारपण याच पट्टीने मोजणार का?”

“कसलं दार?” थोरल्याने विचारलं.

थोरली घाईने दोघांच्या मध्ये गेली.

“कसलं दार म्हणजे काय?” वकीलीणबाई पुढे आल्या. “दादा, तू काल वेगळं दार कबूल केलंस ना? मला वहिनीने स्वतः सांगितलं. संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी.”

“मी?” थोरला बायकोकडे वळला.

ती काही तरी सावरून घेणार होती. सवयीने चार शब्द तोंडात जमलेही. पण धाकटी तिच्याकडे बघत होती, तीच सकाळी उपकार मानणारी, आणि ते शब्द बाहेर आले नाहीत. “हे म्हणाले नव्हते,” थोरली म्हणाली. “मीच सांगितलं. मला वाटलं, मागाहून यांना पटवीन.”

“म्हणजे आम्ही कशावर हो म्हटलं?” धाकटीचा आवाज फाटला. “तुमच्या मनाच्या खेळावर?”

“माझं मत मागे,” धाकटा बाईंना म्हणाला. “फ्लॅट द्या आम्हाला. कारखाने कुठे न्यायचे ते न्या.”

मग गल्लीलाही कंठ फुटला. वरच्या मजल्यावर राहणारे दोघेतिघे म्हणाले, आम्हालाही खरं तर आवाजाचा त्रास होतोच. वाइंडिंगवाला त्यांच्यावर उखडला. वकीलीणबाई आधी थोरल्याच्या बाजूने बोलल्या, मग धाकट्याच्या, मग आपल्याला कुणीच काही विचारत नाही म्हणून रुसून बसल्या. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “मी पुढची गल्ली घेते,” त्या म्हणाल्या. “ती संपेपर्यंत ठरवा. नाही ठरलं तर मूळ आराखडा कायम.”

सगळे भिंतीकडेच्या बाकांपाशी गेले. मुलांचे बाक होते, बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. थोरला उभाच राहिला. त्याच्यापासून दोन हातांवर धाकटा उभा होता, खिडकीकडे तोंड करून.

“विचार त्याला,” थोरला बायकोला म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. “दार कशाला हवंय?”

“त्यांना सांगा वहिनी,” धाकटा खिडकीला म्हणाला, “आता विचारून उपयोग नाही.”

थोरली दोघांच्या मधोमध उभी होती, नेहमीच्याच जागी. तिला वाटलं, अजूनही जमेल. याला थोडं पुसून सांगितलं, त्याला थोडं गोड करून सांगितलं, तर पुढची गल्ली संपेपर्यंत काहीतरी जुळेल. आणि लगेच तिला स्वतःची भीती वाटली. ती खाली बसली.

“मी नाही विचारणार,” ती म्हणाली. “मी सांगायला गेले की त्यात माझं काहीतरी मिसळतंच. दोघांना ऐकू येतं. दोघांना बोलता येतं.”

“अगं, ही वेळ आहे का?” थोरला म्हणाला.

पलीकडे पुढच्या गल्लीचा कुणी म्हातारा झाडांबद्दल बोलत होता, झाडं कुठे कुठे राहावीत ते बोट ठेवून दाखवत होता. त्याचं बोलणं लवकर संपणार हे उघड दिसत होतं. आप्पा पितळी पट्टी मांडीवर ठेवून दोन्ही मुलांकडे आळीपाळीने बघत होते. धाकटीने डोळे पुसले. थोरलीला वाटलं, आपण आत्ताच्या आत्ता उठून माफी मागावी, दोघांच्या हातापाया पडावं, काहीही करावं पण हे थांबवावं. तिने बाकाची कड घट्ट धरून ठेवली.

“कशाला हवंय दार?” थोरल्याने विचारलं. विचारलं भिंतीला, पण आवाज खिडकीपर्यंत गेला.

धाकटा वळला नाही. “चिमणीला दम लागतो,” तो म्हणाला.

“सर्दी आहे ना?”

“सर्दी नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, भुसा. तुझ्या कारखान्यातून जिना चढते ती. वर येईपर्यंत छाती वाजायला लागते. माझ्या शेडमध्ये मी तिला पाऊल टाकू देत नाही, पण तुझ्यातून गेल्याशिवाय तिला घरात येता येत नाही.”

“मला सर्दी सांगितली होती.”

“आणि मला सांगितलं होतं की तू दार देतोयस.”

दोघांनी एकदमच थोरलीकडे बघितलं. बऱ्याच काळात त्या दोघांचं कशावर तरी खरंखुरं एकमत झालं होतं, आणि ते तिच्याविरुद्ध होतं. तिने मान खाली घातली. लाज वाटली आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलंही.

“तू तोंडाने का नाही बोललास?” थोरला म्हणाला.

“तू खोकी ठोकत बस म्हणालास, दादा.”

थोरला टेबलाकडे चालू लागला. सगळ्यांना वाटलं, आता हा उचलतो आपली गल्ली आणि जातो घरी. त्याने टोकाचं घर हातात घेतलं. ते त्यांचंच होतं. त्याने वरचा मजला खुंट्यांवरून उपसला, तळमजला होता तिथे ठेवला आणि वरचा तुकडा हातात धरून उभा राहिला.

“इकडे ये,” तो म्हणाला. धाकटा आला. “तुझ्या बाजूला शेवटी जागा आहे?”

“गोदाम आहे मोडकं. काढता येईल.”

“काढ.”

धाकट्याने गोदाम काढलं. थोरल्याने वरचा मजला तिथे ठेवला, गल्लीच्या पलीकडे, जमिनीला टेकवून. “काम या बाजूला. राहणं त्या बाजूला. त्या घराच्या दारात भुसा येणार नाही.”

“सगळ्यांनीच रस्ता ओलांडायचा?” धाकट्याने विचारलं.

“कामाला मी ओलांडीन. मला दम लागत नाही.”

“आणि ही बाजू बोटभर जास्त आहे त्याचं काय?”

“टोकाचा कारखाना आपलाच आहे. त्यातून काप.”

“तुझ्यातून?”

“मग काय याच्या दुकानातून?” थोरल्याने वाइंडिंगवाल्याकडे मान उडवली. वाइंडिंगवाला दचकून आपल्या दुकानाच्या लाकडी ठोकळ्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं. तो वाकला, आपल्या घराचा वरचा मजला काढला आणि पलीकडे नेऊन ठेवला. “बायको म्हणतेच आहे,” तो पुटपुटला, “मोटारींच्या डोक्यावर झोपायचा कंटाळा आला म्हणून.”

आवाजाचा त्रास असलेले दोघेतिघे पुढे आले. एकाने हात मागे घेतला, विचार करून सांगतो म्हणाला. त्याला वकीलीणबाईंनी कोपऱ्यात गाठलं, आणि थोड्या वेळाने त्याचाही मजला पलीकडे आला. म्हातारा झाडांचं बोलणं संपवून बसला तेव्हा यांच्या गल्लीत एका बाजूला बुटके कारखाने होते, दुसरीकडे दाटीवाटीने घरं, आणि शेवटी एक तुकडा चौकात डोकावत होता.

बाईंनी बराच वेळ बघितलं. “ही तुमची आधीची मागणी नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” थोरला म्हणाला.

“सगळे तयार आहेत?”

थोरला सवयीने बायकोकडे वळला. ती बाकावरून उठली नव्हती. तो पुन्हा वळला आणि भावाला म्हणाला, “तू तयार आहेस का?”

“दाराचं काय?”

“तुझं दार, तुझी कडी. मी कबूल करतोय. मी.”

“मग तयार आहे,” धाकटा म्हणाला.

बाईंनी पेन उघडलं. “मी लिहून घेते. पण वर मंजूर होईलच असं समजू नका. आणि ही प्रतिकृती नीट मापात करून परत द्यायची.”

मंजूर झालं नाही तर काय, ही धास्ती घरी जाताना प्रत्येकाच्या पावलात होती. धाकटी थोरलीच्या बाजूने चालली नाही. तिने रागावणं रास्त होतं, आणि तो राग उद्या परवा उतरेल असं समजायचंही काही कारण नव्हतं. वाइंडिंगवाल्याच्या दारातून चिमणी धावत आली आणि नेहमीसारखी सरळ कारखान्याच्या दारात घुसायला निघाली.

“थांब,” थोरला म्हणाला.

पोरगी थबकली. त्याने सगळ्यांना बाहेरच उभं केलं, स्वतः आत गेला, खिडक्या उघडल्या, बादलीने पाणी शिंपडलं आणि दारापासून जिन्यापर्यंतचा ओला भुसा खराट्याने ओढायला लागला. त्याला झाडायची सवय नव्हती. निम्मा भुसा मागे राहत होता.

थोरली पुढे सरकली. भावजी बाहेर ताटकळलेत, लवकर आटपा, असं काहीतरी ती म्हणणार होती. तिने ओठ मिटले आणि आप्पांशेजारी उभी राहिली. धाकट्याने थोडा वेळ बघितलं, मग चपला काढल्या, दुसरा खराटा घेतला आणि आत गेला.

आतून खराट्यांचा आवाज येत होता. मध्येच एक थांबला.

“दम कधीपासून लागतो तिला?” थोरल्याने विचारलं.

धाकटा सांगायला लागला. उत्तर लांबलचक होतं, आवाज खालचा होता, आणि थोरलीने ते ऐकायचा प्रयत्न केला नाही.